पाटाच्या पाण्याचं माहेर : भाटघरच्या काठाने एक दिवस

पणदऱ्याच्या शिवारात आवर्तन किती दिवसांचं, कोणत्या चारीला पाळी कधी, टेलला पाणी पोचणार की नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पाणी येतं कुठून विचारलं तर 'वीरहून' एवढंच उत्तर मिळतं. वीर हा मधला टप्पा झाला. मोठी कोठी आहे ती भोर तालुक्यात, वेळवंडी नदीवर, भाटघरला. म्हणून एप्रिलअखेर आपल्या भागातले पंधरा-सोळा शेतकरी सोबत घेतले आणि दिवसभर जलाशयाच्या काठाने पायी फिरलो. हल्ली सहल म्हटली की लोक चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात नाहीतर कासला जातात. तेही बघावं. पण ज्या तळ्यावर आपला ऊस उभा आहे, ते आधी बघायला नको का?

पहाटे निघून नीरा, लोणंद, शिरवळ आणि कापूरहोळ फाट्यावरून आत वळलो. धरणाची दगडी भिंत दिसली आणि गाडीतली बडबड थांबली.

१८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून नीरा कालव्याची खोदाई सुरू झाली. १८८५ च्या सुमारास डाव्या कालव्याला पाणी आलं. त्यासाठी भाटघरला पहिलं धरण झालं, त्याच्या तळ्याला व्हाइटिंग साहेबाचं नाव होतं. ते अपुरं पडलं म्हणून १९२८ मध्ये आजचं मोठं धरण पुरं झालं. तेव्हा ते लॉइड धरण. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात. पायथ्याला १६ मेगावॅटचं वीजघर आहे.

भाटघरमध्ये सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं. वीर, नीरा देवघर, गुंजवणी धरून चारही धरणांचं मिळून ४८ टीएमसीच्या आसपास. सोबतचा एक तरुण म्हणाला, "साहेब, एवढं पाणी असताना आमची पाळी का लांबते?" तिथंच काठावर बसून हिशेब मांडला. मोकाट पाण्यावरच्या उसाला वर्षाला साधारण अडीच मीटर पाणी लागतं. म्हणजे एकरी एक कोटी लिटर! एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. शेताच्या तोंडाशी सगळंच्या सगळं पोचलं असं धरलं तरी एका टीएमसीत २८०० एकरांपेक्षा जास्त ऊस भिजत नाही. आणि कालव्यात, चारीत मुरतं ते वेगळंच. पलीकडं उजव्या कालव्यावर फलटण, माळशिरस, सांगोल्याचाही हक्क आहे. हिशेब ऐकून तो तरुण बराच वेळ गप्प चालत होता.

अख्खा वळसा एका दिवसात होत नाही. डोंगरांच्या बेचक्यांतून पाणी लांबवर शिरलंय. आम्ही वेळवंड खोऱ्याच्या बाजूने जमेल तेवढे चाललो. पाणी उतरलेलं, काठाला गाळाचे भेगाळलेले पट्टे. पाणी ओसरेल तशी त्यावर गाळपेर होते. पाणी असंच खाली गेलं की कांबऱ्याजवळ कांबरेश्वराचं जुनं मंदिर बाहेर येतं. एरवी ते पाण्यात असतं.

वाटेत एक आजी डोक्यावर हंडा घेऊन चढ चढत होत्या. आमच्यातल्या एकाने विचारलं, "आजी, एवढं तळं असून पाणी वाहता?" त्या म्हणाल्या, "तळं तुमचं हाय बाबा. आमी वर ऱ्हातो." खोटं नाही. या खोऱ्यांतल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. इथं पाऊस आपल्या चौपट पडतो, पण उतारावरून तो सरळ खाली येतो आणि सोबत माती आणतो. नाचणी-वरईच्या उतारांवर समतल चर आणि बांध राहिले, तर धरणात गाळ कमी आणि वरच्या विहिरींना पाणी. हे काम वरचं असलं तरी गरज आपलीही आहे. बारामतीच्या बैठकीत ते कुणी मांडलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

परतीच्या चहाला विषय निघाला तो चोपण जमिनींचा. जास्त पाण्याने जमीन बिघडते, हे काही नवं नाही. हॅरोल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे पाट येऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच! ज्यांची रानं पांढरी पडलीत, त्यांनी आधी चर काढून निचरा करावा, माती तपासून जिप्सम टाकावं, ताग-धैंचा गाडावा. अशा जमिनीत फुले २६५ तग धरतो. ठिबकने निम्म्याच्या जवळपास पाणी वाचतं. पाटाचं पाणी शेततळ्यात घेऊन ठिबकला द्यायचा विचार त्या चहावरच चौघांनी बोलून दाखवला. नक्की किती जण करतात ते लागणीला कळेल.

ज्यांना जायचंय त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरात भरलेलं तळं आणि मे महिन्यात उतरलेलं, दोन्ही बघावं. भिंतीवर जायला पाटबंधारे खात्याची परवानगी आधी काढावी. भाकरी आणि प्यायचं पाणी घरून न्यावं. आणि पोहायला कुणी उतरू नये. काठ एकदम खोल होतो. मे २०२२ मध्ये इथं एकाच दिवशी पाच जणी बुडाल्या.