साबणाचं गणित: तेल किती, कॉस्टिक किती?

मैत्रिणींनो, कोलाडवरून धाटाव एमआयडीसीकडे जाणारे रसायनांचे टँकर आपल्याला रोजचेच. रसायन म्हणजे कारखान्यातलं, असं वाटतं. पण गटात खोबरेल तेलाचा साबण करायचं ठरलं की तेच रसायन आपल्या पडवीत येतं. म्हणून आधी गणित करायचं, मग टोप काढायचा.

तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की दोघंही मूळ रूपात राहत नाहीत, त्यांचा साबण आणि ग्लिसरीन होतं. एक किलो खोबरेल पुरतं बदलायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो. आपण तो शंभराला पाच कमी घ्यायचा, म्हणजे थोडं तेल उरतं, कॉस्टिक उरत नाही. तीन किलोला १८३ × ३ = ५४९. त्यातून पाच टक्के, म्हणजे २७ वजा. घ्यायचे ५२२ ग्रॅम. कॉस्टिक उरला तर कातडी भाजते, फार कमी पडला तर वडी तेलकट आणि मऊ होते. पाम तेलाला किलोमागे सुमारे १४१ ग्रॅमच पुरतो, तेव्हा तेल बदललं की हिशेब नव्याने. पेणचा पापड हाताच्या अंदाजाने जमेल, साबण नाही. वजनकाटा हवाच.

पाणी कॉस्टिकच्या दुप्पट, सुमारे एक लिटर. आता नीट ऐका. चूल न पेटवताच हे पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापतं, कारण कॉस्टिक विरघळताना उष्णता बाहेर टाकतो. कळीचा चुना भिजवताना कसा खदखदतो, आठवा. म्हणून पाण्यात कॉस्टिक घालायचा, थोडा थोडा, ढवळत. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. थोड्या पाण्याला सगळी उष्णता एकदम मिळते, ते जागीच उकळतं आणि तोंडावर उडतं. हातमोजे, चष्मा घाला, काम अंगणात करा, पोरांना लांब ठेवा.

जर्मनचा टोप अजिबात नको. कॉस्टिक त्याला खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. स्टील वापरा.

अंगावर उडालंच तर लिंबू, चिंच चोळू नका, त्या क्रियेतही उष्णताच निघते. वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धूत लगेच दवाखाना गाठा.

द्रावण कोमट झाल्यावरच तेलात ओता. वड्या चार आठवडे वाळवा. पाणी उडून वजन घटतं, त्यामुळे विक्रीचं वजन वाळल्यावरच करा. आणि विकायचा असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आधी काढावा लागतो.