डोंगल एक, संगणक दोन

मैत्रिणींनो, मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख आणि तुमचं ऑफिसचं काम एकाच दिवशी आलं, की घरातल्या एकुलत्या डोंगलवरून ओढाताण ठरलेलीच! त्यावर सोपा उपाय आहे. दोन्ही संगणक लॅनच्या वायरीने थेट जोडा. डोंगल लावलेल्या विंडोज संगणकात नेटवर्क जोडण्यांची यादी उघडा. इंटरनेटच्या जोडणीवर माऊसचं उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘शेअरिंग’मध्ये पहिल्या चौकोनात खूण करा. ही सोय विंडोजमध्ये १९९९ पासून आहे. दुसऱ्या संगणकात आयपी पत्ता आपोआप घेण्याचाच पर्याय असू द्या. फार जुन्या संगणकांना मात्र ‘क्रॉसओव्हर’ वायर लागते बरं का! आणि पहिला संगणक बंद झाला, की दुसऱ्याचं इंटरनेटही गेलंच. तेव्हा अर्ज पूर्ण भरून होईपर्यंत तो चालूच ठेवा.