टाकी पांढरी का पडली?

बदलापूरच्या भर पावसाळ्यात मी एक उद्योग केला. वडिलांच्या जुन्या राजदूतची टाकी उतरवली, पॉलिश पेपरने घासली, प्रायमर दिला आणि उल्हासनगरहून आणलेला काळा रंग स्प्रेने मारला. घटकाभरात त्यावर पांढुरकी झाक! वडील काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

असं का झालं? माठ पाझरतो, पाणी उडतं, माठ गार होतो ना? तसंच रंगातलं थिनर भराभर उडालं, पत्रा गार पडला आणि दमट हवेतलं बाष्प ओल्या रंगावरच जमलं.

मार्गशीर्षात, कोरड्या हवेत, झाक घासून पुन्हा पातळ हात दिले. रंग काळाच, आरसी बुकात तोच लिहिलाय, बदलला तर कल्याणच्या आरटीओत खेप! तुम्ही मात्र मोठ्यांना घेऊनच हे करा. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते, काडीपेटी लांब ठेवा.

वडील परवा त्याच गाडीवरून अंबरनाथला गेले. न सांगता!