‘सायलेन्सर’ : एका संज्ञेची अन्वर्थकता

पारिभाषिक संज्ञा वस्तूचे वर्णन करते, तशीच ती वस्तूविषयी अपेक्षाही निर्माण करते. या दोहोंत अंतर पडले म्हणजे काय होते, याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे पिस्तुलाच्या नळीस जोडावयाचा ‘सायलेन्सर’ होय. शब्दशः अर्थ ‘आवाज बंद करणारे साधन’. प्रत्यक्षात ते आवाज केवळ कमी करते.

हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्यास या साधनाचे पेटंट १९०९ मध्ये मिळाले. मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्याचे वडील. पुत्राने आपले साधन ‘मॅक्सिम सायलेन्सर’ या नावाने विकले, आणि विक्रेत्याचे विशेषण शास्त्राची संज्ञा होऊन बसले.

संज्ञेतील दोष समजण्यासाठी आवाजाची कारणे पाहिली पाहिजेत. गोळी सुटताच नळीतून उष्ण वायू प्रचंड दाबाने बाहेर पडतो. हा पहिला आवाज. साधनातील कप्प्यांत हा वायू पसरतो व निवतो, त्यामुळे स्फोट सौम्य होतो. ध्वनीपेक्षा वेगवान गोळी हवेत आघाततरंग निर्माण करते. हा दुसरा आवाज. तो नळीबाहेर, गोळीच्या मार्गावर उत्पन्न होत असल्याने साधनाचा त्यावर काहीच अधिकार चालत नाही. शस्त्राच्या यंत्रणेचा खडखडाट हा तिसरा.

२० अंश सेल्सियस तापमानास हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर असतो. ०.४५ इंची पिस्तुलाची सुमारे १५ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदास सुमारे २५५ मीटर वेगाने जाते. म्हणून तिच्यापासून आघाततरंग उद्भवत नाही. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांच्या ‘डी लाइल’ कार्बाइनसाठी हेच काडतूस वापरले गेले. अशा काडतुसास इंग्रजीत ‘सबसॉनिक’ म्हणतात. येथेही अर्थभ्रम संभवतो : हे विशेषण कमी आवाजाचे नव्हे, कमी वेगाचे वाचक आहे.

पिस्तुलाचा आवाज सुमारे १६० डेसिबल असतो. साधनाने त्यातून साधारणतः २० ते ३५ डेसिबल उणे होतात. उरलेला आवाज शांतता खासच नव्हे. म्हणून ‘सायलेन्सर लावला होता, तेव्हा साक्षीदारास आवाज ऐकू येणे अशक्य’, हा युक्तिवाद शब्दावर उभा आहे, वस्तुस्थितीवर नव्हे.

भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ही अडचण टाळली आहे. ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेच्या व्याख्येत आवाज वा ज्योत कमी करणाऱ्या उपसाधनांचा समावेश केलेला आहे. तेथे भर नावावर नसून कार्यावर आहे.

मराठी व्यवहाराने हा शब्द ब्रिटिश इंग्रजीप्रमाणे मोटारसायकलच्या धुराच्या नळकांड्यास लावला. सायलेन्सर असलेली फटफटी मुकी असते, असे कोणीही मानीत नाही. रूढीने येथे शब्दाचा अतिरेक आपोआप छाटला. शस्त्राच्या बाबतीत वस्तूचा अनुभव दुर्मीळ, म्हणून शब्दच प्रमाण ठरतो.

मराठी पर्याय योजताना ‘निःशब्दक’ हा मूळ दोषाचा अनुवादच होईल. ‘ध्वनिशामक’ श्रुतिसुभग खरा. परंतु ‘वेदनाशामक’ वेदना कमी करते, तर ‘अग्निशामक’ आग विझवते, तेव्हा ‘शामक’ संदिग्धच राहतो. ‘ध्वनिन्यूनक’ कानास काहीसा खडबडीत वाटला, तरी तो जितके घडते तितकेच सांगतो. आणि ज्या शब्दावर साक्षीची ग्राह्यता अवलंबून असू शकते, त्याच्याकडून लालित्यापेक्षा हीच अपेक्षा अधिक रास्त होय.