चेंडूफळीचा खेळ आणि पालवणकर बाळू

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे निघाले, की वाटेत फुलंब्री हे तालुक्याचे गाव लागते. सुगी सरून शेते मोकळी झाली, की अशा गावांच्या माळावर सायंकाळी मुलांचा एकच गलका सुरू होतो. यष्ट्यांच्या ठिकाणी तीन काटक्या रोवलेल्या असतात. कधी एखादा रिकामा डबाच यष्ट्यांचे काम करतो. सुताराने तासून दिलेली फळी हीच बॅट आणि रबराचा चेंडू हाच चेंडू. त्या खेळगड्यांत एखादा मुलगा असा असतो, की दिवेलागणीला इतर मुले घराकडे वळली, तरी तो एकटाच भिंतीवर चेंडू टाकीत राहतो. खरी बॅट हाती धरावी, शिवणीचा तांबडा चेंडू बोटांत फिरवून पाहावा, हा त्याला ध्यास असतो. ही साधने कशी बनतात, त्यांना आजचे रूप कसे आले आणि स्वतःची साधने नसतानाही एका मुलाने या खेळात कसे नाव मिळविले, ही हकीगत अशा प्रत्येक मुलाने जाणण्याजोगी आहे.

क्रिकेटचा जन्म इंग्लंडच्या आग्नेय भागातील खेड्यांत झाला, असे मानतात. प्रारंभी या खेळाला ठरीव नियम नव्हते. 1744 साली ते प्रथम लिहून काढण्यात आले. 1787 साली लंडन येथे मेरिलबोन क्रिकेट क्लबाची स्थापना झाली आणि तेव्हापासून नियमांची देखरेख त्याच संस्थेकडे आहे. या नियमांपैकी कित्येकांच्या मागे एखादा मौजेचा प्रसंग दडलेला आहे. 1771 साली टॉमस व्हाइट नावाचा एक खेळाडू यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन मैदानात उतरला. यष्ट्याच झाकल्या गेल्या, तर गोलंदाजाने त्याला बाद तरी कसे करावे? प्रतिपक्षाने हरकत घेतली आणि बॅटची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक असू नये, असे ठरले. आजही ती मर्यादा, म्हणजे 10.8 सेंटिमीटर, कायम आहे. त्या काळी यष्ट्याही दोनच असत. 1775 साली लंपी स्टीव्हन्स या गोलंदाजाचा चेंडू एकाच फलंदाजाच्या दोन यष्ट्यांमधून तीन वेळा आरपार गेला. तरी यष्ट्या न पडल्यामुळे तो फलंदाज नाबाद राहिला. हा अन्याय दूर व्हावा, म्हणून पुढे मध्ये तिसरी यष्टी आली.

बॅटचे पाते विलो नावाच्या वृक्षाच्या लाकडापासून करतात. हे लाकूड वजनाला हलके, परंतु चिवट असते. चेंडूचा आघात झाला असता ते किंचित दबते; सहसा फुटत नाही. विलो इंग्लंडात होतो, तसाच आपल्या काश्मीरातही होतो. पात्याच्या वरच्या टोकाला पाचरीच्या आकाराची खाच पाडून तीत वेताची मूठ बसवितात. वेत लवचीक असल्यामुळे आघाताचा हिसका हातापर्यंत पोहोचेतो पुष्कळच सौम्य होतो. नव्या बॅटीला जवसाचे तेल चोळण्याची जुनी रीत आहे. त्यायोगे लाकूड अगदी कोरडे पडून तडकत नाही. मराठवाड्यातील मुलांना जवस काही अपरिचित नाही. पण जवसाच्या चटणीचा आणि क्रिकेटचा असा दूरचा नातेसंबंध आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असेल!

चेंडूच्या पोटात बुचाच्या लाकडाचा गोळा असतो. त्यावर सूत घट्ट गुंडाळतात आणि वरून रंगविलेल्या चामड्याचे कवच शिवतात. पुरुषांच्या सामन्यांत वापरल्या जाणाऱ्या चेंडूचे वजन सुमारे 156 ते 163 ग्रॅम असते. चेंडूच्या मध्यावरून जाणारी शिवण थोडी उंचावलेली असते. गोलंदाज बोटांनी चेंडूला फिरकी देतो. असा चेंडू जमिनीवर टेकताच मातीची पकड बसून आपली दिशा बदलतो. खेळपट्टी 22 यार्ड, म्हणजे सुमारे 20 मीटर लांब असते. एवढ्याशा अंतरात चेंडू कोणीकडे वळणार, हे फलंदाजाला क्षणार्धात ओळखावे लागते. फिरकी गोलंदाजीचे सारे मर्म यातच आहे.

हे मर्म ज्याला लहानपणीच उमगले, असा एक मुलगा पुण्यात होऊन गेला. त्याचे नाव पालवणकर बाळू. त्याचा जन्म 1876 साली झाला. ज्यांच्याकडे चामडे कमावण्याचे व जोडे शिवण्याचे काम परंपरेने असे, अशा जातीत तो जन्मला होता आणि त्या काळी या जातीला समाज अस्पृश्य मानीत असे. घरची स्थिती बेताची होती. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साधनांनी बाळू आणि त्याचे भाऊ खेळत. पुढे पुण्यातील पारशी मंडळींच्या मैदानावर बाळूला महिना तीन रुपयांवर नोकरी मिळाली. मैदान झाडावे, खेळपट्टीवर रूळ फिरवावा, हे त्याचे काम. तेथून तो गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पूना क्लबात गेला. तेथे वेतन चार रुपये झाले आणि सरावाच्या वेळी गोलंदाजी करण्याची संधीही मिळाली. ग्रेग नावाचा निष्णात फलंदाज त्याच्याकडून तासन् तास चेंडू टाकवून घेई. बाळूने आपल्याला बाद केले, की दर खेपेस ग्रेग त्याला आठ आणे देत असे, असे सांगतात. डाव्या हाताने संथ, वळणारे चेंडू टाकण्यात बाळू तरबेज झाला. पण तेथे फलंदाजीसाठी कोणी त्याच्या हाती बॅट दिली नाही.

त्याची ख्याती ऐकून पुण्याच्या हिंदू संघाने त्याला बोलाविले. मैदानावर त्याची गोलंदाजी सर्वांना हवी असे. परंतु खेळ थांबला, की सहकाऱ्यांना आत कपबशीत चहा मिळे आणि बाळूला बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात. कातड्याने मढविलेला चेंडू सारे खेळाडू आनंदाने हाताळीत. मात्र कातड्याचे काम करणाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या गड्याजवळ बसून चहा घेणे त्यांना चालत नसे. ही विसंगती त्या वेळी बहुतेकांना खटकली नाही.

बाळूने खेळ सोडला नाही. पुढे ते मुंबईस आले व तेथील हिंदू संघातून खेळू लागले. 1906 साली मुंबईत या संघाने युरोपियनांच्या संघाचा 109 धावांनी पराभव केला. त्या विजयी संघात बाळूंसमवेत त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली सर्व भारताचा एक संघ इंग्लंडला गेला. संघाला बहुतेक सामन्यांत हार पत्करावी लागली. पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. इतके होऊनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांच्या गुणांविषयी कोणालाच शंका नव्हती. जातीची भिंत मात्र आड येत होती. अखेर 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल हे त्या संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला जे नाकारले गेले, ते धाकट्याने मिळविले. 1955 साली बाळूंचे निधन झाले.

आज फुलंब्रीच्या माळावर काटक्यांच्या यष्ट्यांपुढे खेळणाऱ्या मुलाजवळ विलोची बॅट नसेल, शिवणीचा चेंडू नसेल. बाळूजवळ तरी स्वतःचे असे काय होते? एक झाडू, एक रूळ आणि चेंडू कसा वळतो हे पुन्हा पुन्हा करून पाहण्याचा नाद. साधने दुकानात विकत मिळतात. हा नाद ज्याचा त्यालाच लावून घ्यावा लागतो. परंतु बाळूंच्या चरित्रातून दुसरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. माळावर डाव मांडताना कोणाला खेळात घ्यावे आणि कोणाला दूर ठेवावे, हे खेळणारी मुलेच ठरवितात. बांधावर उभे राहून नुसतेच पाहणारे एखादे पोर असेल, तर त्याला हाक मारून त्याच्या हाती चेंडू द्यावा. खेळ झाल्यावर पाण्याचा तांब्याही एकच असावा.