स्विमिंग पूलच्या टाइल्सवर पांढरा थर का जमतो? तो कसा काढायचा आणि कसा रोखायचा?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत कृषी पर्यटन केंद्रं, फार्महाऊस वाढली, तसे स्विमिंग पूलही वाढले. पूल बोअरच्या पाण्यावर चालत असेल, तर पाण्याच्या पातळीला टाइल्सवर पांढरी, खरखरीत रेघ उमटतेच. घासली की जाते, काही दिवसांत परत येते. कारण दोष टाइल्सचा नाही, पाण्याचा आहे.

हा थर नेमका कशाचा?

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना माती आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. यालाच आपण जड पाणी म्हणतो. पूलमध्ये ऊन लागलं, पीएच वाढला की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून टाइलला चिकटतं. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच हा थर.

पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागेच राहतात. समजा, पूल 8 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद आहे आणि उन्हाळ्यात पाणी रोज 6 मिलिमीटर उतरतं. म्हणजे रोज 192 लिटर नवं पाणी घालावं लागणार. त्याचा जडपणा लिटरला 400 मिलिग्रॅम असेल, तर महिन्याला सुमारे 2.3 किलो क्षारांची भर पडते!

थर कसा काढायचा?

1. पाण्याची पातळी थोडी खाली घ्या.
2. थरावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर थर कार्बोनेटचा आहे आणि तो सहज निघतो. फेस न येणारा कडक, करडा थर सिलिकेटचा असू शकतो. तो जाणकाराकडूनच काढून घ्या.
3. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी 5 ते 10 मिनिटं लावून ठेवा. मग नायलॉनच्या ब्रशने घासून धुवा. आधी कोपऱ्यातल्या एका टाइलवर करून बघा.
4. तारेचा ब्रश वापरू नका. टाइलवर चरे पडतात आणि तुटलेल्या तारांचे गंजाचे डाग राहतात.

सर्वांत धोकादायक चूक

झटपट काम व्हावं म्हणून अनेक जण हायड्रोक्लोरिक ॲसिड ओततात. ते टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंटही खातं. त्याहून गंभीर म्हणजे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दोन्ही एका बादलीत, एका मापाने वापरू नका आणि एका खोलीत ठेवू नका. उग्र वास आला तर काम सोडून लगेच मोकळ्या हवेत जा. खोकला किंवा दम लागला तर डॉक्टरांकडे जा.

थर पुन्हा जमू नये म्हणून

- टेस्ट किटने पीएच आठवड्यातून किमान दोनदा तपासा. तो 7.2 ते 7.6 मध्ये ठेवा. अल्कलिनिटी लिटरला 80 ते 120 मिलिग्रॅम आणि कॅल्शियमचा जडपणा 200 ते 400 मिलिग्रॅम असावा.
- ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो, त्यामुळे कॅल्शियम वाढतं. पाणी आधीच जड असेल तर लिक्विड क्लोरीन बरं, पण पीएचवर लक्ष ठेवा.
- पावसाळ्यात छपरावरचं स्वच्छ पाणी गाळून, क्लोरीन देऊन पूलमध्ये घ्या. ते जवळपास क्षारमुक्त असतं.
- पूल वापरात नसताना झाकून ठेवा. बाष्पीभवन कमी, म्हणजे नवं पाणी कमी आणि क्षारही कमी.
- सॉफ्टनर लावलात तरी जडपणा शून्यावर आणू नका. फार मऊ पाणी सिमेंटमधलं कॅल्शियम ओढून घेतं.

दोन्ही तालुके कमी पावसाच्या पट्ट्यात येतात. क्षार हाताबाहेर गेले की पाणी बदलण्याशिवाय इलाज उरत नाही आणि ऐन उन्हाळ्यात पूल रिकामा करून भरणं कुणालाच परवडत नाही. त्यापेक्षा आठवड्यातली दहा मिनिटं तपासणीला देणं कधीही स्वस्त.