पहिल्यांदाच क्रूझला निघालात? तिकिटाआधी या गोष्टी घरात बोलून घ्या

आपल्याकडे 'जहाज' म्हटलं की जुन्या लोकांना हजचं जहाज आठवतं. बीडहून मुंबईला जायचं आणि तिथून समुद्रमार्गे जेद्दा. १९९५ मध्ये तो मार्ग बंद झाला आणि हजचा प्रवास पूर्णपणे विमानाचा झाला. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातल्या घरांमधून जहाजाचा विषय जवळजवळ संपलाच होता.

आता तो पुन्हा निघतोय, पण सहलीसाठी. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून पर्यटकांना घेऊन जातं. गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या असतात. मुलं मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि अब्बांच्या मागे लागतात. अम्मीला मात्र वेगळेच प्रश्न पडतात. खायचं काय? नमाज कुठे? तिथे दारू असते म्हणे, मग जायचं का? हे प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं तिकीट काढायच्या आधी शोधायची असतात, जहाजात बसल्यावर नाही.

पैसा कुठून येणार?

जाहिरातीतला दर हा पूर्ण खर्च नसतो. त्यावर बंदराचे शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी लागतो. शिवाय बीड ते मुंबई येणं-जाणं, मुंबईतला मुक्काम आणि गोव्यात उतरल्यावरची गाडी हा खर्च वेगळाच. एजंटकडून सगळ्याची बेरीज करून एकच आकडा लेखी घ्या.

'आत्ता फिरा, नंतर भरा' अशा योजनांपासून सावध राहा. हप्त्यांत व्याज असेल तर ती सरळ सूदची गोष्ट झाली, आणि तीन दिवसांच्या मजेसाठी वर्षभर हप्ते भरण्यात शहाणपणही नाही. घरात कुणावर हज फर्ज झालेलं असेल, तर आधी त्याची तयारी करा. समुद्र कुठे जात नाही. पैसे साठले की मग निघा.

नावाचं स्पेलिंग

ही गोष्ट छोटी वाटते, पण आपल्या नावांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 'शेख' इंग्रजीत तीन-चार तऱ्हेने लिहितात, 'सय्यद'चंही तसंच. कुणाच्या आधारवर शेख आधी, तर कुणाच्या शेवटी. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. लहान मुलांचंही ओळखपत्र लागतं.

घरात कुणी गरोदर असेल तर बुकिंगआधीच नियम विचारा. बहुतेक क्रूझ कंपन्या २४ आठवड्यांनंतर प्रवेश देत नाहीत. तान्ह्या बाळांसाठीही वयाची अट असते.

बीडहून निघताना

जहाज कुणासाठी थांबत नाही. सुटण्याच्या काही तास आधीच प्रवेश बंद होतो. म्हणून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी पोहोचू आणि दुपारी जहाजात बसू, हा हिशोब धोक्याचा आहे. एक दिवस आधी मुंबई गाठा. मुंब्रा, कुर्ला इथे नातेवाईक असतात, त्यांच्याकडे थांबा.

जहाज बॅलार्ड पिअर भागातून सुटतं आणि तो सीएसएमटी स्टेशनपासून जवळच आहे. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस सोयीची पडते. आपल्या बीडलाही १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरपर्यंत रेल्वे सुरू झाली आहे, पण पुढची गाडी जुळते का ते आधी बघा.

खाणं

जहाजावर मांसाहार भरपूर असतो, पण तो हलाल आहे का, हे 'हो हो, मिळेल' असं फोनवर ऐकून ठरवू नका. ई-मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. स्पष्ट उत्तर आलं नाही तर शाकाहार आणि मासे हा सोपा मार्ग आहे. गोड पदार्थांत जिलेटिन किंवा वाईन असू शकते, त्यामुळे पुडिंग आणि केक विचारूनच घ्या. घरचं शिजवलेलं अन्न आत नेऊ देत नाहीत. बिस्किटं, खजूर असं बंद पाकिटातलं चालतं का, ते विचारा.

नमाज, वेळ आणि किब्ला

बीडची वस्ती ओलांडली की आपण मुसाफिर होतो, कारण अंतर शरई मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त आहे. मुंबईत आणि जहाजावर मिळून पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर जोहर, असर आणि इशाच्या चार फर्जऐवजी दोन. फजर आणि मगरिब तेवढ्याच. मुंबईत स्थानिक इमामामागे पढलात तर पूर्ण चार. कोकणातले शाफई बांधव प्रवासात दोन नमाजा एकत्र करतात, हनफी प्रत्येक नमाज तिच्या वेळेतच पढतात. एकाच सहलीत दोन्ही कुटुंबं असतील तर यावरून वाद नको.

वेळेकडे विशेष लक्ष द्या. बीड आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पण मुंबई पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य सुमारे १२ मिनिटं उशिरा मावळतो. बीडच्या वेळापत्रकावर मगरिब पढलात तर ती वेळेआधीच होईल. मुंबईचं वेळापत्रक मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण समुद्रात नेटवर्क नसतं.

किब्ल्यासाठी मोबाईलच्या होकायंत्रावर पूर्ण भरवसा ठेवू नका. जहाज पोलादाचं असतं, त्यामुळे केबिनमध्ये सुई चुकू शकते. सोपी खूण अशी: इथून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. मुंबईहून गोव्याला जाताना जहाज दक्षिणेकडे जातं. तेव्हा जहाजाच्या तोंडाकडे बघून उभं राहिलात तर किब्ला उजव्या हाताला, थोडा मागे येतो. परतताना डाव्या हाताला, थोडा पुढे. शंका वाटली तर कर्मचाऱ्याला दिशा विचारा.

उभं राहता येत असेल तर उभं राहूनच पढायची. खरंच चक्कर येत असेल, तोल जात असेल तर बसून. नमाजेत जहाज वळल्याचं कळलं तर आपणही किब्ल्याकडे वळायचं. बारीक मसाइल निघण्याआधी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्या. सोबत जानमाज आणि एक छोटा मग ठेवा, न्हाणीघर लहान असतं.

मळमळ आणि तब्येत

डोळ्यांना केबिन स्थिर दिसते, पण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हलणं जाणवतं. मेंदूला दोन वेगळे निरोप मिळतात आणि उलटीसारखं होतं. जहाजाच्या मधली, खालच्या मजल्यावरची केबिन कमी हलते. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. त्रास झाला तर बाहेर येऊन लांब क्षितिजाकडे बघा. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः दादा-दादींना बीपी, शुगर असेल तर. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. पहिल्या प्रवासाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ बरा.

औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका. ती बॅग बंदरावरच घेतात आणि नंतर केबिनमध्ये पोहोचवतात. औषधं, ओळखपत्र, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत हवेत. डेकवर वारा जोराचा असतो, त्यामुळे दुपट्ट्याला, हिजाबला जास्तीच्या पिना लागतात. इस्त्री, लायटर, अगरबत्ती नेऊ नका. मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल अंगावर येतं. सुरुवातीला लाइफ जॅकेटची कवायत असते, ती सगळ्या घराने मन लावून बघा.

आणि ते बार-कसिनोचं काय?

जहाजावर बार, कसिनो आणि डीजेचे कार्यक्रम असतात. कुणी हात धरून नेत नाही, पण ते समोर दिसतं. या कारणाने कुणी जायचंच नाही असं ठरवलं तर त्याचा मान राखा, त्याला मागासलेला म्हणू नका. जायचं ठरलं तर वाढत्या वयाच्या मुलांशी घरीच मोकळेपणाने बोला. कुठे जायचं, कुठे नाही, रात्री किती वाजता केबिनमध्ये यायचं हे आधी ठरलं तर तिथे डोळे वटारावे लागत नाहीत.

मग वेळ कसा जाईल? फजरनंतर डेकवर जा. दुष्काळ आणि टँकर बघत मोठी झालेली आपली मुलं चारी बाजूंना पाणीच पाणी बघतील. कुरआनात समुद्राचा आणि जहाजांचा उल्लेख अल्लाहच्या निशाण्या म्हणून वारंवार येतो. त्या आयती तिथे बसून मुलांना अर्थासकट समजावून सांगा. वर्गात आम्ही शिक्षक जे फळ्यावर सांगतो, ते तिथे डोळ्यांसमोर असतं.

सवारीची दुआ निघण्याआधी सगळ्यांकडून पाठ करून घ्या. अल्लाह सगळ्यांचा प्रवास सुखरूप करो, आमीन.